फॉरवर्ड करायच्या आधी : आठवी ते दहावीच्या लेकरांना बातमी तपासायला कशी शिकवायची

बहुतेक शाळांत हा विषय एकाच पद्धतीनं उरकतात. सायबर सेलचे साहेब येतात, हॉलमध्ये लेकरं मांडी घालून बसतात, तासभर पीपीटी चालते, शेवटी "अफवा पसरवणार नाही" अशी शपथ, मग फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन कॉलमची बातमी, आणि संध्याकाळी त्यातलंच एखादं पोरगं बिबट्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवून मोकळं. साहेब चांगलंच बोललेले असतात हो, पण तासाभरात ही सवय लागतच नाही. सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये घरोघरी तासभराचं प्रशिक्षण देऊन बघितलं, तर एकंदरीत लोकांची खरं-खोटं ओळखायची क्षमता काही वाढली नाही. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच गावाकडच्या ग्रंथालयांत किशोरवयीन मुलांचे काही आठवडे वर्ग घेतले, तेव्हा मात्र फरक पडला, काही महिन्यांनी परत तपासलं तरी टिकलेला होता, आणि घरी आईबापापर्यंतसुद्धा पोचलेला होता.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की व्याख्यान सोडा, दर आठवड्याला थोडं थोडं करा, आणि लेकरांना संशय घ्यायला शिकवू नका, शोधायला शिकवा. यात लई फरक आहे. "सगळं खोटं असतंय सर" म्हणणारं पोरगं हुशार वाटतं पण त्यानं काहीच तपासलेलं नसतं, ते आणि सगळं खरं मानणारा त्याचा काका दोघं एकाच जागी उभे असतात.

वेळ कुठून काढायचा

"सर, पोर्शनच होईना, हे कधी घ्यायचं" हा पहिला प्रश्न येणारच. वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. जे आहे त्यातच घुसवा. दहावीच्या इतिहासात "प्रसारमाध्यमे आणि इतिहास" हा धडाच आहे, मराठीच्या उपयोजित लेखनात बातमी आणि जाहिरात दोन्ही आहेत, गणितात सांख्यिकी आहे, नववीच्या विज्ञानात माहिती तंत्रज्ञानाचा धडा आहे. म्हणजे मराठीच्या मॅडम, इतिहासाचे सर आणि गणिताचे सर तिघं एक दिवस चहाला एकत्र बसले तरी अर्ध्या वर्षाचं नियोजन होतंय. जोर आठवी-नववीवर द्या, दहावीला बोर्डाचं टेन्शन असतं.

आणि आपल्या मराठवाड्याकडची एक अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. बीड, धाराशिव, जालन्याच्या बऱ्याच गावांत दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, काही लेकरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात आणि मग घरातला फोन त्यांच्याच हातात असतो. त्यामुळं मुख्य चार-पाच तास जुलै ते सप्टेंबरमध्येच घेऊन टाका. नंतरसाठी उजळणी ठेवा.

सुरुवातीला एक काम करा, वर्गाला विचारा की काल बातमी म्हणून जे काही कळलं ते कुठून कळलं. पेपर म्हणणारी लेकरं मोजकीच निघतील. रील, युट्यूब शॉर्ट, मामाचं स्टेटस, भावकीचा ग्रुप, पानटपरी, अशी यादी येईल. ती फळ्यावर तशीच लिहा, नाक मुरडू नका. पेपरातल्या बातमीवरच शिकवत बसलात तर लेकरांचा आणि त्या तासाचा काही संबंधच राहत नाही. एक खोका ठेवा वर्गात, पेटीसारखा, ज्याला जे फॉरवर्ड शंकेचं वाटलं त्यानं ते चिठ्ठीवर उतरवून टाकायचं, नाव लिहायचं नाही. फोन शाळेत आणायची गरज नाही. हीच पेटी तुम्हाला वर्षभर मसाला पुरवते.

परिपाठापासून सुरू करा

रोजच्या परिपाठात बातम्या वाचतातच, दिनविशेष असतो, सुविचार असतो. ह्याच तिन्हीला थोडं वळण द्यायचं. बातमी वाचणाऱ्यानं बातमीसोबत तीन गोष्टी सांगायच्या, ही कुठं आली, कधीची आहे, आणि त्यात हे कोण म्हणतंय. बस्स. "सूत्रांच्या माहितीनुसार" असं असेल तर तेही मोठ्यानं वाचायचं. पहिल्या आठवड्यात अडखळतात, दुसऱ्या आठवड्यात रांगेतली पोरं स्वतःच ओरडतात, "कोण म्हणतंय ते सांग की".

सुविचाराचा नियम त्याहून सोपा. खाली नाव टाकायचं असेल तर ते वाक्य त्या माणसानं कुठल्या पुस्तकात किंवा भाषणात म्हटलं ते सांगायचं, सापडत नसेल तर नाव न घेता सुविचार वाचायचा. विवेकानंद, कलाम आणि बाबासाहेबांच्या नावावर व्हॉट्सॲपवर जे काय फिरतं त्यातलं निम्मं तिथंच गळून पडतंय बघा, आणि हे पोरांना स्वतःला शोधताना कळतं तेव्हा त्याची मजा वेगळीच. ६ जानेवारीला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला दर्पण सुरू केला त्या दिवशी, आपण पत्रकार दिन करतोच, त्या दिवशी हारतुऱ्यासोबत तालुक्याच्या एखाद्या वार्ताहराला बोलवा आणि भाषण नको म्हणा, "बातमी तुमच्याकडं आली की छापायच्या आधी तुम्ही कुणाला फोन लावता" एवढंच विचारा.

रद्दीचा तास

गेल्या महिना-दोन महिन्यांचे पेपर गोळा करा, चार-पाच वेगवेगळे असले तर उत्तम. गट करा. लाल पेननं जाहिरात, निळ्यानं बातमी, हिरव्यानं मत, अशा खुणा करायला सांगा. सुरुवातीला सोपं वाटतं. मग वाढदिवसाच्या पुरवणीतला नेत्यावरचा लेख येतो आणि भांडण लागतं, तो बातमी का जाहिरात? भांडू द्या. कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात", "मार्केटिंग उपक्रम" असलं काही लिहिलंय का ते शोधायला लावा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रात एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत शब्दशः सारखाच मजकूर बातमी म्हणून छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उघड केला आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घराघरात गेला, हे सांगायला हीच जागा. आणि मग दोन पेपरांत एकाच दिवशी एकाच घटनेची बातमी शेजारी ठेवून वाचायला द्या, मथळा कसा बदलला, कुणाचं म्हणणं आधी आलं, कुणाचं आलंच नाही.

लातूर-नांदेडकडच्या शाळांसाठी तर सोन्यासारखं साहित्य आपल्या दारात आहे, नीटचा निकाल लागला की क्लासेसच्या पानभर जाहिराती. त्या कापून ठेवा. एकच टॉपर दोन क्लासच्या जाहिरातीत दिसतोय का, "आमचे विद्यार्थी" म्हणजे दोन वर्षं शिकलेले का नुसती टेस्ट सिरीज लावलेले, "९५ टक्के निकाल" म्हणजे कितीपैकी किती, हे प्रश्न पोरांना लगेच भिडतात कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्याच घरचे पैसे तिथं जाणार असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमच काढलेत, टॉपरचा फोटो छापला तर त्यानं कोणता कोर्स केला होता तेही सांगावं लागतं आणि त्याची लेखी संमती लागते. नियम फळ्यावर लिहा आणि जाहिराती तपासायला द्या. माझ्या मते हा अख्ख्या वर्षातला सगळ्यात कामाचा तास, जमलं तर दोन घ्या.

फोटो आणि व्हिडिओ

हा तास पोरं सोडत नाहीत. एक फोन आणि शक्य असेल तर प्रोजेक्टर, नसेल तर गटागटानं तुमच्या फोनभोवती.

आधी साधं गूगल लेन्स. फोटो सेव्ह करायचा, गूगलच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या चिन्हावर दाबायचं, फोटो निवडायचा, आणि जे निकाल येतात त्यात सगळ्यात जुनी तारीख शोधायची. व्हिडिओ असेल तर थांबवून तीन-चार जागचे स्क्रीनशॉट घ्यायचे, वर चिकटवलेला मजकूर कापून टाकायचा आणि मग शोधायचं. इथं एक गोष्ट ठासून सांगा, जुनी तारीख सापडली की "आजचा व्हिडिओ" हा दावा तिथंच पडला. पण काहीच सापडलं नाही म्हणून व्हिडिओ नवा किंवा खरा ठरत नाही, तेव्हा उत्तर "अजून माहीत नाही" असंच द्यायचं. "माहीत नाही" ह्या उत्तराला वर्गात पूर्ण मार्क द्या. आपल्या शाळांत ह्या उत्तराला कधी मार्कच मिळाले नाहीत, म्हणून पोरं काहीतरी ठोकून देतात.

मग डोळ्यांचं काम. पावसाळ्यात "जायकवाडीचे दरवाजे उघडले" म्हणून दर वर्षी व्हिडिओ फिरतात. नाथसागराला, म्हणजे जायकवाडीलाच, २७ दरवाजे आहेत, नांदेडच्या विष्णुपुरीला १८, तिकडं कोयनेला सहाच. पोरांना दरवाजे मोजायला लावा. पुष्कळ वेळा धरण भलतंच निघतं आणि त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही. पण दरवाजे बरोबर २७ निघाले तरी वर्ष कोणतं हा प्रश्न राहतोच, कारण जायकवाडी भरल्याचा जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरवणं लई सोपं आहे. तसंच लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी आलं होतं, तो फोटो कुठल्याही उन्हाळ्यात "सध्याची परिस्थिती" म्हणून चिकटवला जाऊ शकतो. फोटो खरा, मथळा खोटा. पोरांना वाटतं खोटं म्हणजे फोटोशॉप, त्यांना हे कळलं पाहिजे की बनावट फोटोपेक्षा खरा पण भलत्या वेळचा, भलत्या जागचा फोटोच जास्त फसवतो.

गाड्यांचे नंबर हा पोरांचा हातखंडा विषय. एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. "परभणीत दंगल" म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही एमएच २२ दिसत नाही, दुकानाच्या पाट्या तेलुगूत आहेत, मग? देगलूर-बिलोली किंवा उमरग्याच्या पोरांना तेलुगू आणि कन्नड लिपी बघूनच ओळखू येते, त्यांना त्या दिवशी वर्गात भाव द्या. फक्त एसटीवरून निकाल लावू नका म्हणावं, कारण एसटीच्या गाड्या जिथल्या कार्यशाळेत तयार होतात तिथला नंबर घेतात, चिकलठाण्याची एमएच २० वाली गाडी पार कोकणात पण पळताना दिसते. एसटी असेल तर आगाराचं नाव आणि पाटी वाचायची.

वेबसाइटचंही इथंच उरकून घ्या. वाईनबर्ग आणि मॅकग्रू ह्या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी इतिहासाचे पीएचडीवाले, स्टॅनफर्डची पोरं आणि व्यावसायिक फॅक्ट चेकर यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. पहिले दोन गट त्याच पानावर वरखाली वाचत बसले आणि बरेच फसले, फॅक्ट चेकरनी पान सोडून लगेच दुसरा टॅब उघडला आणि ही साइट कोणाची, इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघितलं. म्हणून वर्गात एकच आरोळी ठेवा, "दुसरा टॅब". मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची पानं आहेत, तिथं आधीच तपासलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, त्यांचं फॅक्ट चेक पण आहे, मात्र ते केंद्र सरकारबद्दलच्याच बातम्या बघतं आणि सरकारचंच आहे, तेव्हा तेही एक बाजू म्हणूनच वाचायचं. सरकारच्या फॅक्ट चेक युनिटला खोटं-खरं ठरवायचे अधिकार देणारी नियमातली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, दहावीच्या पोरांसोबत यावर नागरिकशास्त्राच्या तासाला चांगली चर्चा होते.

पत्र आलंय, सुट्टी आहे का?

पाऊस सुरू झाला की "उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी" असं सहीशिक्क्याचं पत्र फिरतंच. पोरांना यात जन्मजात रस असतो, म्हणून हा तास हमखास रंगतो.

शासन निर्णय, म्हणजे जीआर असेल तर शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. पत्रावरची तारीख आणि हे आकडे जुळतात का बघायचं, आणि मग शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर तो सांकेतांक टाकून बघायचा. निघाला तर खरा. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशाला हा सांकेतांक नसतो, तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर, जिल्हा माहिती कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर किंवा सरळ मुख्याध्यापकांना फोन करून तपासायचा. दोन्ही प्रकारची पत्रं एकेक तरी झेरॉक्स करून वर्गात द्या.

तारीख बघायची अजून एक युक्ती आपल्याकडंच चालते. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये सरकारी पातळीवर बदलली. २०२१ ची तारीख टाकलेल्या सरकारी पत्राच्या माथ्यावर "जिल्हा धाराशिव" छापलेलं असेल तर ते पत्र कुणीतरी नंतर बसून बनवलंय. लोक बोलताना आधीपासून संभाजीनगर म्हणतच होते, त्यामुळं हा नियम फक्त सरकारी कागदाला लावा.

लाडकी बहीण, पीक विमा, फुकट लॅपटॉप यांच्या नावानं येणाऱ्या लिंका ह्याच तासात घ्या. लिंक दाबायची नाही, एपीके फाइल, म्हणजे मेसेजमधून आलेलं ॲप, तर अजिबात इन्स्टॉल करायची नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. हा नंबर वर्गाच्या भिंतीवर रंगवून टाका.

पाऊस मोजा, अंदाज मोजा

शेतकऱ्याच्या लेकराला हवामानाच्या व्हिडिओबद्दल "विश्वास ठेवू नको" म्हणलं तर ते ऐकणार नाही, त्याच्या घरी पेरणी त्या व्हिडिओवर होते. म्हणून नावं ठेवण्यापेक्षा वही घाला. जूनमध्ये एक वही, त्यात रकाने, अंदाज कुणी दिला, कधी दिला, कुठल्या भागासाठी, किती पाऊस म्हणाला, आणि प्रत्यक्षात काय झालं. युट्यूबवाले घ्या, भारतीय हवामान विभाग घ्या, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी-शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला घ्या. सरळ बाजूंच्या बाटलीचं पर्जन्यमापक शाळेच्या मैदानात ठेवा. ऑगस्टपर्यंत वहीच बोलायला लागते. पोरांच्या ध्यानात येतं की "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल, काही ठिकाणी पडणार नाही" असला अंदाज कधी चुकूच शकत नाही, आणि जो चुकू शकत नाही त्याचा उपयोग पण काही नाही. शिवाय हवामान विभाग काही वेळा चुकतो हेही वहीत येतं, ते येऊ द्या, झाकू नका.

सोबत दोन व्याख्या शिकवा. हवामान विभागाचा यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा, आणि अतिवृष्टी म्हणजे एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. बातमीत "अतिवृष्टी" दिसलं की पोरांनी विचारलं पाहिजे, किती मिलिमीटर, कुठल्या मंडळात? पंचनाम्याच्या दिवसांत हे बापालाही उपयोगी पडतं.

भूकंपाचंही इथंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आपल्या आजी-आजोबांच्या अंगात बसलेली आहे, त्यामुळं २०२४ सारखा हिंगोली-नांदेडकडं ४.५ चा धक्का बसला की "रात्री परत मोठा येणार, घरात झोपू नका" असा मेसेज हमखास चालतो. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही, जगात कुणालाच नाही, हे विज्ञानाच्या सरांनी एकदा नीट कारणासहित सांगावं. धक्का बसला का नाही, किती होता, हे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर बघता येतं.

फळ्याबद्दल एक बारकी सूचना. खोटा मेसेज मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहू नका. तीच ती गोष्ट परत परत कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. म्हणून फळ्यावर मोठं वाक्य खऱ्याचं, "भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नाही", आणि खोटा मेसेज नुसता एकदा वाचून दाखवायचा.

राईनपाडा

हा तास टाळू नका, पण हसतखेळत पण घेऊ नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकलवरची माणसं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढा शेवट कापून टाकला आणि उरलेलं फिरवलं.

हे सांगून थांबा, पोरांना बोलू द्या. मग एकच प्रश्न, ह्या साखळीत कुठल्या कुठल्या माणसाला थांबता आलं असतं? यादी करायला लावा. व्हिडिओ कापणारा, पहिला पाठवणारा, "खबरदारी म्हणून" पुढं पाठवणारी आई, बाजारात पहिला आवाज देणारा, खोलीबाहेर उभं राहून शूटिंग करणारा. "खबरदारी म्हणून पाठवलं" वर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक अफवा चांगल्याच मनानं पुढं जातात. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, पुढं दोन बाणांची खूण आली, म्हणजे तो मेसेज किमान पाच हातांतून आलेला आहे, आणि २०२० पासून असा मेसेज एकावेळी एकाच चॅटला जातो. पण कॉपी-पेस्ट केलं की बाण गायब होतात हेही सांगा, नाहीतर पोरं "बाण नाही म्हणजे खरं" असा उलटा नियम करून बसतात.

वर्गात भटक्या समाजाची लेकरं असतील तर त्यांच्याकडं बघून हा तास घेऊ नका, आणि त्यांना "तू सांग" म्हणू नका. जमलं तर आदल्या दिवशी त्यांच्या घरच्यांशी बोलून ठेवा.

एआयचं थोडक्यात

सहा बोटं, वितळलेले कान, हे शिकवण्यात वेळ घालवू नका, आज शिकवलेली खूण पुढच्या वर्षी कामाला येत नाही. बिबट्याचा फोटो एआयचा आहे का हे फोटोकडं टक लावून कळणार नाही, वन विभागाच्या १९२६ वर फोन करून किंवा गावच्या पोलीस पाटलाला विचारून कळेल. आवाजाची नक्कल पण करता येते आता, म्हणून "मी मामा बोलायलोय, अर्जंट पैसे टाक" असा फोन आला तर ठेवायचा आणि मामाच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन लावायचा.

घरी आबांना कसं सांगायचं

सगळ्यात अवघड पायरी ही, आणि कुठल्याच प्रशिक्षणात ही नसते. पोरगं शाळेत सगळं शिकतं, घरी जातं, भावकीच्या ग्रुपवर आबांनी टाकलेल्या मेसेजखाली "हे फेक आहे" लिहितं, आणि रात्री बापाचा मार खातं. चार लोकांत थोरल्याला खोटं पाडणं आपल्याकडं कुणालाच सहन होत नाही. म्हणून वर्गात नाटुकली करून सराव घ्या. एक पोरगं आबा, एक नात.

"आबा, ओ आबा, हे कामून टाकलं? खोटं हाय की सगळं" हे एकदा करून दाखवा, काय होतं ते वर्गच सांगेल. मग दुसऱ्या पद्धतीनं, ग्रुपवर अक्षर लिहायचं नाही, जवळ जाऊन बसायचं, "आबा, तुम्ही टाकलेला तो धरणाचा व्हिडिओ लई भारी होता, शाळेत आम्ही दरवाजे मोजायला शिकलोय, चला ना दोघं मोजू." आबांनी स्वतः मोजलं आणि सहाच निघाले तर काढून टाकायचं का ठेवायचं ते आबा ठरवतील, आणि बहुतेक वेळा "अरे, कुणी पाठवला मला हा" म्हणत तेच पुढच्याला विचारतील. आबांनी नाही ऐकलं तरी चालतं. पोरानं ते स्वतः पुढं पाठवलं नाही, एवढं त्या दिवसापुरतं भरपूर झालं.

तपासणी कशी करायची

सत्र संपताना चाचणी घ्या, पण चाचणीत दहा नमुने दिले तर त्यातले निम्मे खरे असू द्या, आणि खऱ्यातला एखादा ऐकायला अशक्य वाटणारा असू द्या. पाण्याची रेल्वे लातूरला आली होती हे आठवीच्या पोरांना आज खोटंच वाटतं. सगळे खोटे दिले की पोरं सरसकट "फेक" लिहून पैकीच्या पैकी घेतात आणि तुम्हाला वाटतं शिकले. मार्क उत्तराला कमी आणि कसं तपासलं त्याला जास्त ठेवा, दोन ओळी पुरेत, "पाटी वाचली, नंबर बघितला, दुसरा टॅब उघडला, जुनी तारीख सापडली".

राजकारण, आरक्षण, जात-धर्म यांचे मेसेज पेटीत येणारच, येऊ द्या, पण पहिल्या महिन्यात उघडू नका. सुरुवात धरण, पाऊस, सुट्टी, क्लासच्या जाहिराती अशा ज्यात कुणाच्या घरचं काही दुखत नाही तिथून करा. सवय बसली की मग एकदम वेगवेगळ्या बाजूंचे नमुने एकाच तासाला घ्या, एकाच पक्षाचे किंवा एकाच समाजाचे घेतले तर संध्याकाळी शाळा समितीचे सदस्य गेटवर उभे राहतात, आणि तेव्हा ते पूर्ण चूक पण नसतात. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, पालक मेळाव्यात पाच मिनिटं दरवाजे मोजायचा खेळ पालकांसोबत पण घ्या. पेटीत एखादी चिठ्ठी मेसेजबद्दल नसून कुणीतरी त्रास देतंय, फोटो मागतंय अशी निघाली तर ती वर्गात वाचायची नाही, त्या लेकराशी एकट्यानं बोलायचं आणि गरज पडली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

दहावीवाल्यांसाठी जानेवारीअखेर एक तास राखून ठेवा, फक्त बोर्डाच्या अफवांसाठी. "पेपर फुटला", "गणिताचा पेपर पुढं ढकलला", "पाच हजारात मार्क वाढवून मिळतील". छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली हे आपले पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात आणि लातूर, नांदेड, धाराशिव हे लातूर मंडळात, हे पोरांना माहीत पाहिजे, म्हणजे "नागपूर मंडळाचा आदेश" बघून कुणी घाबरणार नाही. वेळापत्रक मंडळाच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करून, छापून वर्गात लावा, आणि सांगून टाका की ह्यात बदल झाला तर शाळा सांगेल, रात्री अकराला आलेला मेसेज सकाळी शाळेत आणून दाखवायचा आणि तोपर्यंत पुस्तक उघडून बसायचं.